कानात सारखी खाज येते? दोष मळाचा नाही

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात फुटलेले फाटे तेवढे छाटलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय. वाचताना कानात इअरबड्स असतील तर तेवढा वेळ काढून ठेवा. का, ते पुढे कळेलच.

विषय आहे कानातली खाज. कान दुखणं नाही, कान फुटणं नाही, नुसती खाज. दिवसभर कामाच्या नादात जाणवत नाही, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. खाज येते नेमकी तिथे, जिथे बोट पोचत नाही. मग करंगळी, मग कापसाचा बड, तो नसेल तर स्कूटीची किल्ली, हेअरपिन, पेनचं टोपण, आगपेटीची काडी. हाताला लागेल ते. दोन मिनिटं स्वर्गसुख, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच. असं महिनोन्‌महिने चालतं. डॉक्टरकडे कुणी जात नाही, कारण "कानात खाज येते" एवढ्यासाठी कोण अपॉइंटमेंट घेणार?

आजच्या भागाचं सार आधीच सांगून टाकतो. सतत येणारी खाज बहुतेक वेळा मळामुळे येत नाही. कानाच्या आतली त्वचा कोरडी पडलेली असते, दुखावलेली असते, ओली राहून कुजलेली असते किंवा तिला कशाची तरी ॲलर्जी आलेली असते. आपण मात्र ते मळ समजून साफ करत बसतो. म्हणजे ज्याला आपण इलाज समजतो, तोच दुखणं वाढवत असतो.

हे नीट कळायला कानाच्या आत एक चक्कर मारू या.

कानाची नळी: अडीच सेंटीमीटरचा बोगदा

बाहेरून दिसणाऱ्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण २.५ सेंटीमीटर लांब असते. म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. ती सरळ नसते, थोडी वळण घेत जाते. बाहेरच्या एक तृतीयांश भागाला कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा आधार असतो. तिथली त्वचा जरा जाड असते, तिच्यावर बारीक केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही तिथेच असतात.

आतला दोन तृतीयांश भाग मात्र वेगळा. तिथे खाली कडक हाड आणि त्यावर कागदासारखी पातळ त्वचा. मध्ये चरबीची गादी नाही, काही नाही. म्हणून बाहेरच्या भागात कितीही खाजवलं तरी काही वाटत नाही, आणि काडी जरा आत गेली की डोळ्यांसमोर तारे चमकतात.

आता गंमत बघा. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या भागात आहेत. आत, पडद्याजवळ, मळ तयारच होत नाही. मग डॉक्टर तपासतात तेव्हा काही जणांच्या पडद्याला चिकटून मळाचा गोळा बसलेला दिसतो, तो कुठून येतो? बरेचदा आपणच ढकललेला असतो. कापसाच्या बडाच्या टोकाला जो पिवळा डाग दिसतो तो पाहून आपल्याला समाधान वाटतं. पण जेवढा बाहेर आला त्याहून जास्त कधी कधी आत सरकलेला असतो. तोफेत दारू ठासतात ना, तसा.

बरं, हा मळ म्हणजे घाण आहे का? तर नाही. ग्रंथींमधून येणारा तेलकट द्रव, गळून पडलेल्या त्वचेच्या पेशी आणि थोडी धूळ यांचं ते मिश्रण. ते किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे जंतू आणि बुरशीला तिथे सहज बस्तान बसवता येत नाही. ते तेलकट असल्यामुळे पाणी त्वचेत मुरत नाही. आणि धूळ त्याला चिकटून बाहेरच अडकते. हातापायाला आपण विकतचं मॉइश्चरायझर लावतो. कानाला ते शरीर स्वतःच पुरवतं, फुकटात. आपण ते रोज पुसून काढतो आणि मग विचारतो, कान कोरडा का पडला?

साफसफाईचीही सोय आहे. कानाच्या आतली त्वचा पडद्यापासून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते. संशोधकांनी पडद्यावर शाईचे ठिपके लावून पाहिलंय. ते ठिपके दिवसागणिक बाहेर सरकत जातात. वेग अगदी कमी, साधारण नख वाढण्याइतका. पण थांबत नाही. जुनी त्वचा आणि तिच्यावरचा मळ या सरकत्या पट्ट्यावर बसून भोकाशी येतात आणि आंघोळीत किंवा झोपेत गळून पडतात. आपण बोलतो, जेवतो, जांभई देतो तेव्हा जबडा हलतो, त्याचीही थोडी मदत होते. शरीरात अशी आपोआप साफ होणारी जागा असताना आपण तिथे झाडू घेऊन उभे असतो.

मग खाजवल्यावर इतकं बरं का वाटतं?

कारण खाजवणं म्हणजे बारीकशी जखम करणं. त्या हलक्या वेदनेचा संदेश मेंदूकडे जातो आणि खाजेचा संदेश काही काळ दबून जातो. तेवढा वेळ आराम. पण दुखावलेल्या त्वचेतून हिस्टामिनसारखी रसायनं बाहेर पडतात, तिथे सूज येते आणि खाज पुन्हा येते, आधीपेक्षा जास्त. आपण पुन्हा खाजवतो. खाज, खाजवणं, जखम, पुन्हा खाज. हे चक्र एकदा सुरू झालं की मूळ कारण निघून गेलं तरी चक्र चालूच राहतं. पाण्याचा थेंब चार महिन्यांपूर्वीच सुकलेला असतो. आज खाज येते ती कालच्या काडीमुळे.

आणखी एक भानगड. कानाच्या नळीत नसांचं जाळं दाट आहे. त्यातली एक नस ही 'व्हेगस' नावाच्या मोठ्या नसेची फांदी आहे, जी पुढे घसा, फुप्फुसं, हृदय, पोट इथपर्यंत जाते. म्हणूनच काही लोकांना कान कोरताना अचानक खोकला येतो. याउलट, घशात किंवा नाकामागे गडबड असेल तर ती कानात जाणवू शकते. म्हणजे खाज कानात वाटते, पण तिचं मूळ कानात असेलच असं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

खाजेची पाच कारणं, आणि ती ओळखायची कशी

हा या भागाचा गाभा आहे. कारण पाचही कारणांची खाज वरवर सारखीच वाटते, पण इलाज वेगळा. काही ठिकाणी तर अगदी उलटा.

पहिलं कारण: कोरडा कान. सगळ्यात जास्त दिसतो तो हा. रोज आंघोळीनंतर बड फिरवायचा, कानात शाम्पू-साबणाचं पाणी जाऊ द्यायचं, असं केलं की तेलकट थर जातो. त्वचा कोरडी होऊन पापुद्रे निघतात. कान स्वच्छ, मळ अजिबात नाही, दुखत नाही, वास नाही, पण खाज मात्र दिवसरात्र. कान 'फारच स्वच्छ' असेल आणि खाजत असेल, तर आधी संशय इथे घ्या.

दुसरं: कोंडा, एक्झिमा, सोरायसिस. कानाची त्वचा म्हणजे डोक्याच्या त्वचेचाच पुढचा भाग. डोक्यात कोंडा, भुवयांत किंवा नाकाच्या बाजूला पांढरट खपल्या, आणि कानातही खाज असेल, तर तो एकच आजार असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी नुसत्या कानावर इलाज करून भागत नाही. डोक्यातला कोंडा आटोक्यात आणला की कानही शांत होतो.

तिसरं: ॲलर्जी. तिचे दोन प्रकार. एक, काहीतरी कानाला लागल्याची. खोट्या दागिन्यातलं निकेल, केसांचा काळा रंग, शाम्पू, परफ्यूम, हेडफोन किंवा श्रवणयंत्राच्या भागातलं प्लास्टिक, आणि हो, कानात घालायचं औषधसुद्धा! निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक काही ड्रॉप्समध्ये असतं आणि काही लोकांना त्याचीच ॲलर्जी येते. खाज थांबावी म्हणून ड्रॉप्स घालायचे आणि ड्रॉप्समुळेच खाज वाढायची. कानाची पाळी आणि आजूबाजूची त्वचाही लाल झाली, बारीक पुळ्या आल्या, तर या प्रकाराचा विचार करा. दुसरा प्रकार नाकाच्या ॲलर्जीचा. सकाळी उठल्यावर सटासट शिंका, नाक वाहणं, डोळे चुरचुरणं, टाळूला खाज, आणि तीच खाज आत कानापर्यंत. जीभ टाळूला घासून 'क्ळक् क्ळक्' आवाज करावासा वाटतो ना, ती ही खाज. मघाशी म्हटलं तसं, इथे मूळ नाकात आहे. कान कितीही कोरा, खाजेपर्यंत काडी पोचणारच नाही.

चौथं: बुरशी. आपल्याकडच्या हवेत हे कारण विसरून चालणारच नाही. मुंबई, कोकण, गोवा. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, चपलांवर बुरा चढतो. तसाच तो कानातही चढू शकतो. उबदार, अंधारी, ओलसर जागा. बुरशीला आणखी काय हवं? याची खाज फार तीव्र असते. सोबत कानात दडा बसल्यासारखं वाटतं, कमी ऐकू येतं, ओलसरपणा जाणवतो. डॉक्टरांनी आत पाहिलं तर ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी दिसतं आणि त्यावर कधी काळे ठिपके असतात. 'ॲस्परजिलस नायजर' नावाच्या बुरशीचे ते ठिपके.

पाचवं: जिवाणूंचा संसर्ग, ज्याला पोहणाऱ्यांचा कान म्हणतात. पोहायला गेलात, पाणी आत राहिलं, त्वचा भिजून नरम झाली, वरून काडी घातली, ओरखडा उठला, आणि जंतूंना दार उघडं मिळालं. सुरुवात खाजेनेच होते, पण दोनेक दिवसांत ती ठणक्यात बदलते. याची एक साधी ओळख घरच्या घरी करता येते. कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला, जो छोटा कूर्चेचा उंचवटा असतो तो हलकेच दाबा. किंवा कानाची पाळी धरून जरा ओढा. कळ आली तर कानाच्या नळीला सूज असण्याची दाट शक्यता आहे. मग घरगुती उपाय बंद, थेट डॉक्टर.

इअरबड्सचा काय संबंध?

आपण सगळे दिवसातले कितीतरी तास कानात काही ना काही कोंबून बसलेले असतो. लोकलमध्ये, जिममध्ये, ऑफिसच्या कॉलवर, आणि झोपताना पॉडकास्ट लावून. (तुम्ही ऐकता याचा आनंदच आहे, पण तरीही.)

इअरबड्समुळे खाज येण्याचे मार्ग साधे आहेत. सिलिकॉनच्या टोपीने नळीचं तोंड बंद होतं, आत ऊब आणि दमटपणा वाढतो. घाम आलेला असेल तर तोही आत अडकतो. सरकत्या पट्ट्यावरून बाहेर येणारा मळ दारातच थांबतो आणि इअरबड पुन्हा घालताना मागे ढकलला जातो. टोपीचा आकार मोठा असेल तर ती रोज त्याच जागी घासते. आणि त्या टोप्या आपण धुतो कधी? इअरबड खिशात, बॅगेत, टेबलावर, मित्राच्या कानात फिरून पुन्हा आपल्या कानात येतो.

इअरबड्स फेकून द्या असं मी म्हणत नाही. चार सवयी लावून घ्या. टोप्या आठवड्यातून एकदा तरी काढून सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. जिममधून किंवा धावून आल्यावर इअरबड पुसल्याशिवाय केसमध्ये ठेवू नका. ओल्या केसांनी, ओल्या कानांनी घालू नका. आणि दर तासाभराने कानाला थोडी मोकळी हवा द्या. खाज चालू असेल तेवढे दिवस कानावर बसणारे हेडफोन वापरा, किंवा घरी एकटे असाल तर सरळ स्पीकर लावा. टोपी आपल्या मापाची आहे ना, तेही बघा. डब्यात तीन मापं दिलेली असतात, पण बहुतेक जण बसवून आलेलीच आयुष्यभर वापरतात.

काडीची गोष्ट

कापसाच्या काडीचा जन्म १९२३ सालचा, अमेरिकेतला. लिओ गेर्स्टेनझँग या गृहस्थांनी तान्ह्या बाळांच्या स्वच्छतेसाठी ती तयार काडी बाजारात आणली. आज त्याच काड्यांच्या खोक्यांवर "कानाच्या नळीत घालू नका" अशी सूचना छापलेली असते. तरी आपण त्या नेमक्या तिथेच घालतो. आपल्या देशात १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या काडीच्या बड्सवर बंदी आली. मग कागदाच्या आणि बांबूच्या काड्या आल्या. काडी पर्यावरणाला चांगली झाली, कानाला मात्र तेवढीच वाईट राहिली.

त्याआधी आपल्याकडे होतंच की कानकोरणं. धातूचं, टोकाला इवलासा चमचा असलेलं, नेलकटरच्या आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेलं. आणि स्टेशनबाहेर, चौपाटीवर कान साफ करून देणारेही होते, अजूनही दिसतात. आता त्याच कानकोरण्याला कॅमेरा लावून ते ऑनलाइन विकायला आलंय. मोबाईलवर कानाच्या आतलं दिसतं आणि आपण स्वतःच मळ काढायचा. व्हिडिओ बघायला मजा येते, खरंय. पण पडदा अडीच सेंटीमीटरवर आहे, स्क्रीनवर खोली नीट कळत नाही, आणि कुणी कोपराला धक्का दिला तर? डॉक्टर हेच काम करतात तेव्हा डोकं स्थिर असतं, दोन्ही डोळ्यांनी दिसणारी दुर्बीण असते आणि हात सरावाचा असतो. बघायला कॅमेरा एकवेळ ठीक, कोरायला नको.

तेल घालायचं की नाही?

हा वाद प्रत्येक घरात आहे. आजी म्हणते, कोमट खोबरेल तेलाचे दोन थेंब घाल. लसूण टाकून गरम केलेलं तेल तर रामबाण समजलं जातं. डॉक्टर म्हणतात, तेल अजिबात नको. आणि इंटरनेटवर परदेशी डॉक्टर म्हणतात, कोरड्या कानाला ऑलिव्ह ऑइल चालतं. मग खरं कोण?

मघाची पाच कारणं आठवा. कान खरोखर कोरडा असेल आणि पडदा धड असेल, तर तेलाचा थेंब त्वचा मऊ करतो, हे बरोबर. पण कानात बुरशी असेल तर तेल घालणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. शिवाय तेलावर धूळ बसते, कान बंद राहतो, ओल टिकते. आणि पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं. आता, आत कोरडं आहे की बुरशी, पडदा धड आहे की फाटका, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. आजीचा अनुभव खोटा नाही. पण कोणत्या कानाला हे तिलाही दिसत नव्हतं. म्हणून कुणी तरी आत पाहिल्याशिवाय तेल नको. आणि आपल्या पावसाळ्यात तर नकोच. गरम तेलाने नळी भाजते ते वेगळंच.

हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तसंच. फसफसतं, म्हणून साफ होतंय असं वाटतं. पण कोरड्या, चिरलेल्या त्वचेची त्याने आणखी आग होते.

मेडिकलमध्ये जाऊन "कानात खाज येते, ड्रॉप्स द्या" म्हणणं तर सगळ्यात सोपं. पण त्या बाटलीत काय आहे, यावर सगळं अवलंबून. बुरशीच्या कानात नुसते अँटिबायोटिक ड्रॉप्स घातले, तर जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. स्टेरॉइडमुळे खाज लगेच थांबते, आपण खूश होतो, पण बुरशी असेल तर ती आत वाढत राहते. आणि पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानाला, म्हणजे ऐकण्यालाच, इजा करू शकतात. मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली, बहिणीला लागू पडलेली बाटली, हे सगळं याच कारणासाठी नको.

मग करायचं काय? दोन आठवड्यांचा प्रयोग

कान दुखत नसेल, वाहत नसेल, ऐकू नीट येत असेल आणि नुसती खाज असेल, तर हा प्रयोग करून बघा.

दोन आठवडे कानाच्या आत काही म्हणजे काही घालायचं नाही. बड नाही, किल्ली नाही, करंगळी नाही, तेल नाही, पाणीही नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांमध्ये एक जुनी म्हण आहे की कानात कोपराहून लहान काही घालू नये. कोपर कानात घालून बघा, म्हणजे अर्थ कळेल.

आंघोळीच्या वेळी, विशेषतः केस धुताना, कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलिन लावून तो भोकाच्या तोंडाशी ठेवा. आत ठासायचा नाही. आंघोळ झाली की काढून टाका. पाणी गेलंच, तर डोकं एका बाजूला कलवून पाळी हलकेच ओढा, थेंब बाहेर येईल. टॉवेलच्या कोपऱ्याने बाहेरचा भाग टिपा. हेअर ड्रायर असेल तर अगदी कमी गरम हवेवर, हातभर लांब धरून थोडा वेळ फिरवा.

खाज उठली की काय? भोकासमोरचा तो उंचवटा बोटाने दाबून गोल फिरवा. आवंढा गिळा, जांभई द्या, काहीतरी चावा. कानामागे थंड रुमाल धरा. नखं कापून ठेवा, कारण झोपेत हात कुठे जातो ते आपल्याला कळत नाही. बड्सची डबी आरशासमोरून उचलून माळ्यावर टाका. समोर दिसली की हात जातोच. पहिले काही दिवस जड जातील. चक्र मोडायला तेवढी कळ सोसावी लागते.

याच काळात बाकीचं तपासा. कोंडा असेल तर त्याचा इलाज सुरू करा. नवं कानातलं, नवा शाम्पू, नवा केसांचा रंग आल्यावर खाज सुरू झाली का, आठवा. शिंका आणि नाक वाहणं सोबत असेल तर डॉक्टरांना ॲलर्जीबद्दल विचारा.

नुसता कोरडा, कोरून दुखावलेला कान असेल, तर या प्रयोगाने बहुधा फरक जाणवतो. फरक पडला नाही, तर तीही एक माहितीच आहे. कारण दुसरं काहीतरी आहे, आणि आता कुणीतरी आत बघायला हवं.

डॉक्टरकडे कधी, आणि तिथे काय होतं?

कान दुखायला लागला, पाणी किंवा पू यायला लागला, वास येतो, रक्त आलं, ऐकू कमी येतं, चक्कर येते, ताप आला, कानामागे सूज आली, तर दोन आठवडे थांबू नका. लगेच जा. एकाच कानाची तक्रार बरी होऊन पुन्हा पुन्हा येत असेल तरीही जा.

आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. आई-बाबा, आजी-आजोबा यांना मधुमेह असेल, किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल, तर त्यांच्या कानाची साधी तक्रारही अंगावर काढू नका. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाच्या कानात स्युडोमोनास नावाचा जिवाणू शिरला, तर संसर्ग त्वचेपुरता न राहता कवटीच्या हाडापर्यंत पोचू शकतो. रात्री झोपू न देणारी कानदुखी, ड्रॉप्स घालूनही न थांबणारी, आणि कधी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, ही त्याची लक्षणं. हा आजार क्वचित होतो, पण जिवावर बेतू शकतो. सुरुवात कधी कधी "कान खाजत होता, म्हणून जरा कोरला" अशीच असते.

डॉक्टरकडे घाबरण्यासारखं काही नसतं. ते दिव्याने किंवा दुर्बिणीने आत पाहतात. बुरशी किंवा घट्ट मळ असेल तर बारीक नळीने ओढून काढतात. आवाज मोठा येतो, फारसं दुखत नाही. बुरशीला बुरशीविरोधी ड्रॉप्स, बहुतेक वेळा क्लोट्रिमॅझोलसारखे. एक्झिमाला थोडे दिवस स्टेरॉइड. जिवाणूंना अँटिबायोटिक. नळी फार सुजली असेल तर औषध आत पोचावं म्हणून एक छोटी वात ठेवतात. बुरशीच्या बाबतीत एक सांगतो: तीन-चार दिवसांत खाज थांबली म्हणून औषध सोडू नका. सांगितलेले दिवस पूर्ण करा, नाहीतर ती परत येते.

ड्रॉप्स घालण्याचीही पद्धत आहे. बाटली आधी दोन मिनिटं मुठीत धरा, कारण थंड थेंब आत गेला की गरगरतं. कुशीवर झोपा, पाळी वर आणि मागे ओढा म्हणजे नळीचं वळण सरळ होतं, थेंब टाका, आणि पाचेक मिनिटं तसेच पडून राहा. लगेच उठलात तर औषध मानेवर येतं, कानात राहत नाही.

नेहमी येणारे दोन प्रश्न

"मळ काढायचाच नाही? मग कान घाणेरडा दिसतो." बाहेर आलेला मळ जरूर पुसा. ओल्या रुमालात बोट गुंडाळून जिथपर्यंत ते सहज जातं तिथपर्यंत. दिसतं ते तुमचं, दिसत नाही ते कानाचं.

"कानात मेणबत्ती लावून मळ ओढतात, ते करू का?" नको. ती मळ ओढत नाही. जळल्यावर नळकांड्यात जे पिवळं दिसतं ते मेणबत्तीचंच मेण असतं. भाजण्याचा धोका मात्र खरा आहे.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. मी डॉक्टर नाही. ही सगळी माहिती तुम्ही योग्य वेळी योग्य माणसाकडे जावं म्हणून दिली. कापसाची काडी, किल्ली आणि हेअरपिन या तिघींच्या बाबतीत आता कानाला खडा लावा. मराठीतला तो वाक्प्रचार बघा किती समंजस आहे: खडा कानाला लावायचा, कानात घालायचा नाही!

भेटू पुढच्या भागात. तोवर आवाज थोडा कमी, आणि कान थोडे मोकळे ठेवा.